कर्ज फेडण्याआधी आकडा मागा, फेडल्यावर दाखला मागा
स्पॅनिश भाषेतील हिशेबाच्या पत्रांची तोंडओळख

'पहले लिख और पीछे दे, भूल पडे तो कागज से ले' ही म्हण आपल्या बाजारपेठेत लहान पोरालाही पाठ असते. देणे-घेणे लिहून ठेवावे, कागद जपून ठेवावा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. परंतु आज आपला माल आणि आपली माणसे अशा मुलखांत जात आहेत की जेथे कागद इंग्रजीत नव्हे तर स्पॅनिशमध्ये लिहिला जातो. तेथे म्हण पाठ असून भागत नाही, भाषेचा साचाही माहीत असावा लागतो. म्हणून या लेखात आम्ही स्पॅनिश पत्राची रीत सांगणार आहोत. त्यातही कर्ज संपवताना बँकेला जे पत्र लिहावे लागते, त्याचा विचार सविस्तर करू. ते पत्र लिहायचा लोक सर्वांत जास्त आळस करतात आणि त्याचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते.

ही भाषा कोठे लागते?

स्पॅनिश ही जगातील वीस देशांची राजभाषा आहे. स्पेन, आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिना-चिलीपर्यंतचे अठरा देश असा हा पसारा आहे. शिवाय अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक घरात स्पॅनिश बोलतात. कपड्याच्या धंद्यात तर या भाषेचे वजन मोठे आहे. 'झारा' या नावाने दुकाने चालवणाऱ्या इंडिटेक्स कंपनीचे मुख्यालय स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात आर्तेइशो या गावी आहे. पनामा देशातील कोलोन मुक्त व्यापार क्षेत्र १९४८ साली स्थापन झाले. तेथून लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांना कपडा पुरवला जातो आणि तेथे हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्याही आहेत. कॅनरी बेटांवर सिंधी व्यापारी पिढ्यान् पिढ्या बसलेले आहेत. आपले कोकणातील खलाशी तर जहाजावरून या सर्व बंदरांचे पाणी प्यालेले आहेत.

व्यापाऱ्याची मालाची आणि भावाची पत्रे दलालामार्फत किंवा इंग्रजीतून चालून जातात. पण जो माणूस तेथे राहतो, नोकरी करतो, दुकान थाटतो, त्याने बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे पत्र त्याला स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीनेच लिहावे लागते. तेथे दलाल कामाला येत नाही.

भाषा परकी, शब्द ओळखीचे

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. त्यामुळे स्पॅनिश कागद प्रथम वाचून घेतले तेव्हा आम्हाला मोठे नवल वाटले. स्पेनमध्ये ७११ पासून १४९२ पर्यंत कोठे ना कोठे मुस्लिम राजवट होती. त्या काळात अरबी शब्द त्या भाषेत शिरले ते कायमचेच, आणि त्यांतील बरेचसे नेमके बाजाराचे शब्द आहेत. गुदामाला ते 'आल्मासेन' म्हणतात, तो अरबी 'अल-मखजन'. कापसाला 'आल्गोदोन' म्हणतात, तो 'अल-कुत्न'. जकात कचेरी म्हणजे 'आदुआना', तो आपला 'दीवान'. दरपत्रक म्हणजे 'तारिफा'. भाडे म्हणजे 'आल्किलेर', त्यात 'किराया' लपलेला आहे. अमुक-तमुक माणूस म्हणायचे तर ते 'फुलानो' म्हणतात, म्हणजे आपला 'फलाणा'!

दोन शब्द तर आजच्या विषयाचेच आहेत. स्पॅनिशमध्ये ओलीस ठेवलेल्या माणसाला 'रेएन' म्हणतात. त्याचे मूळ आपल्या 'रहन' म्हणजे गहाण या शब्दाशी आहे. आणि मालासोबत जी पोचपावती पाठवतात तिला स्पेनमध्ये 'आल्बारान' म्हणतात. तिचे मूळ अरबी 'बराआ', म्हणजे सुटका, जबाबदारीतून मोकळे होणे. ज्या शब्दावरून आपण 'कोर्टाने बरी केले' म्हणतो, तोच हा शब्द. कागद हातात आला म्हणजे माणूस बरी झाला, असा त्याचा अर्थ.

मराठी माणसालाही एक शब्द आपला वाटेल. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. पोर्तुगीजमध्येही हाच शब्द आहे आणि आपला 'पगार' पोर्तुगीजांकडूनच आला. वचनचिठ्ठीला स्पॅनिशमध्ये 'पागारे' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ 'मी पैसे देईन' असा आहे.

पत्राचा साचा

स्पॅनिश व्यापारी पत्राला ठरलेला साचा आहे. तो पाळला की अर्धे काम होते.

सुरुवातीला गाव आणि तारीख. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, आपल्यासारखेच. उदाहरणार्थ, 'बार्सेलोना, १४ दे मार्सो दे २०२५'. महिन्याचे पहिले अक्षर रोमन लिपीत लहान लिहितात, इंग्रजीसारखे मोठे नव्हे. त्याखाली 'आसुंतो', म्हणजे विषय. तो एका ओळीत आणि नेमका असावा.

मग संबोधन. नाव माहीत असेल तर 'एस्तिमादो सेन्योर' म्हणजे 'माननीय महाशय', बाईंना 'एस्तिमादा सेन्योरा'. कचेरीला लिहायचे असेल तर 'मुई सेन्योरेस मियोस'. कोणाकडे जाईल हे माहीत नसेल तर 'आ किएन कोर्रेस्पोंदा', म्हणजे 'ज्यांच्याशी संबंध असेल त्यांना'. संबोधनानंतर इंग्रजीत स्वल्पविराम देतात, स्पॅनिशमध्ये मात्र दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह देतात. ही लहान गोष्ट, पण तिच्यावरून लिहिणाऱ्याला रीत माहीत आहे की नाही ते कळते.

आडनावाबाबत जपावे. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, बहुतेक वेळा पहिले बापाकडचे आणि दुसरे आईकडचे. होसे गार्सिया लोपेस या गृहस्थांना पत्रात 'सेन्योर गार्सिया' म्हणतात. शेवटचा शब्द आडनाव समजून 'सेन्योर लोपेस' लिहिले तर ते चूक. उलट आपल्या माणसाचे नाव तीन शब्दांचे असेल तर तेथील कारकून मधल्या शब्दाला पहिले आडनाव समजू शकतो. म्हणून कर्जाच्या करारावर नाव जसे छापले आहे तसेच, अक्षरही न बदलता, पत्रात लिहावे.

समोरच्याला 'तू' म्हणायचे नाही. त्यासाठी 'उस्तेद' आणि अनेकांसाठी 'उस्तेदेस' हे शब्द आहेत. जुन्या काळी 'आपली कृपा' अशा अर्थाचे लांबलचक संबोधन होते, ते झिजून 'उस्तेद' झाले. त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते, जसे आपण दरबारी थाटात 'हुजूर काय फर्मावतात?' असे म्हणू. आपल्या मोठ्यांना 'साहेब' म्हणतो तसा तेथे पहिल्या नावाआधी 'दोन' लावतात, 'दोन कार्लोस' असा.

विनंतीसाठी 'लेस रुएगो' म्हणजे 'आपणांस विनंती करतो', किंवा 'लेस सोलिसितो' म्हणजे 'आपणांकडे मागणी करतो'. लॅटिन अमेरिकेत पत्राची सुरुवात पुष्कळदा 'पोर मेदियो दे ला प्रेसेंते' या शब्दांनी होते, म्हणजे 'या पत्राद्वारे'. शेवटी 'केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता', आपल्या उत्तराची वाट पाहत आहे, आणि खाली 'आतेंतामेंते', म्हणजे आपला नम्र. पूर्वी तर 'आपला खात्रीचा सेवक, जो आपल्या हाताचे चुंबन घेतो' असे लिहून त्याची नुसती आद्याक्षरे घालत. ती रीत आता गेली. उर्दू खतातील लांबलचक अलकाब जसे मागे पडले, तसेच तेथेही झाले.

उच्चाराबद्दल दोन शब्द. आम्ही येथे उच्चार लॅटिन अमेरिकेच्या धर्तीवर दिले आहेत. स्पॅनिशमध्ये 'व' बहुतेक 'ब' सारखाच बोलतात, 'ह' लिहितात पण बोलत नाहीत. इंग्रजी 'जे' अक्षराचा उच्चार उर्दूच्या 'खे' सारखा घशातून करतात. पत्र रोमन लिपीतच टाईप करावे लागते. त्यात 'न' वरची नागमोडी रेघ विसरू नये. वर्ष या अर्थाचा 'आन्यो' हा शब्द त्या रेघेशिवाय लिहिला तर त्याचा अर्थ शरीराच्या भलत्याच भागाचा होतो, आणि बँकेचा कारकून हसतो.

आकड्यातला फास

व्यापाऱ्याने शब्दांपेक्षा आकड्यांना जास्त भ्यावे. स्पेन, अर्जेंटिना, चिली, कोलंबिया येथे हजार दाखवायला टिंब आणि दशांश दाखवायला स्वल्पविराम वापरण्याची पद्धत आहे. म्हणजे १.२५०,५० हा आकडा बाराशे पन्नास युरो आणि पन्नास सेंट असा वाचायचा. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत तोच आकडा आपल्यासारखा १,२५०.५० असा लिहितात. स्पेनच्या कागदावर १.२५० दिसले आणि आपण सव्वा समजलो, तर हजारपट फरक पडला.

आपली लाखाची पद्धत, म्हणजे १,२५,००० असा स्वल्पविराम, तेथे कोणाला कळत नाही. तसेच स्पॅनिश 'बिल्योन' म्हणजे इंग्रजीतील बिलियन नव्हे. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी, स्पॅनिश बिल्योन म्हणजे एक लाख कोटी. शंभर कोटींना ते 'मिल मिल्योनेस', हजार दशलक्ष म्हणतात. यावर उपाय एकच. हुंडीवर आपण लिहितो तशी रक्कम अंकांत लिहून पुढे अक्षरांतही लिहावी.

फसवे शब्द

काही शब्द इंग्रजीसारखे दिसतात आणि घात करतात. त्यात पहिला 'कान्सेलार'. गिऱ्हाइकाने लिहिले की 'कान्सेलारेमोस ला फाक्तूरा', तर इंग्रजी जाणणारा माणूस घाबरतो. त्याला वाटते, बिल रद्द केले, माल परत येणार. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'आम्ही बिल चुकते करू' असा आहे. हिशेबाच्या भाषेत 'कान्सेलार' म्हणजे देणे फेडून खाते बंद करणे. ऑर्डर रद्द करण्यालाही हाच शब्द आहे, म्हणून पुढे 'फाक्तूरा' आहे, 'देउदा' आहे की 'पेदिदो' म्हणजे ऑर्डर आहे, ते पाहावे. आज मोबाईलमध्ये भाषांतराची सोय झाली आहे आणि तिचा उपयोगही होतो. पण नेमक्या अशा शब्दांवर यंत्र कधी कधी घसरते.

दुसरा शब्द 'लिकिदासिओन'. बँकेच्या कागदावर त्याचा अर्थ हिशेब चुकता करणे, दुकानाच्या काचेवर त्याचा अर्थ स्वस्तातील सेल. तिसरा 'फिनिकितो'. स्पेनमध्ये हा शब्द मुख्यतः नोकरी सुटताना मिळणाऱ्या शेवटच्या हिशेबासाठी वापरतात, मेक्सिकोत कर्ज संपल्याच्या पत्रालाही म्हणतात. भाषा एकच असली तरी देशागणिक चाल बदलते.

बाकीचे शब्द सरळ आहेत. 'प्रेस्तामो' म्हणजे कर्ज, 'देउदा' म्हणजे देणे, 'कापिताल पेंदिएंते' म्हणजे उरलेले मुद्दल, 'इंतेरेसेस' म्हणजे व्याज, 'कुओता' म्हणजे हप्ता, 'बेंसिमिएंतो' म्हणजे मुदत भरण्याची तारीख, 'कोमिसिओन' म्हणजे बँकेची आकारणी, 'आबाल' म्हणजे जामीन आणि 'साल्दो' म्हणजे बाकी.

बाकीचा आकडा आणि फेडीचा आकडा एक नव्हे

आता मुद्द्याची गोष्ट. बँकेच्या उताऱ्यावर जी बाकी छापलेली असते, तेवढी रक्कम भरली की कर्ज संपले, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. उतारा काढला त्या दिवसापासून पैसे पोचण्याच्या दिवसापर्यंत व्याज रोज चढत असते. शिवाय मुदतीआधी फेड केल्याबद्दल आकारणी असू शकते.

हिशेब करून पाहू. उरलेले मुद्दल ८,००० युरो, व्याज दरसाल सहा टक्के. वर्षाचे व्याज ४८० युरो, म्हणजे दिवसाला सुमारे १.३२ युरो. उतारा निघाल्यावर वीस दिवसांनी पैसे भरले तर व्याज झाले २६.३० युरो. स्पेनच्या २०११ च्या ग्राहक-कर्ज कायद्याने मुदतपूर्व फेडीच्या आकारणीला मर्यादा घातली. ठरावीक व्याजदराच्या कर्जाची मुदत एक वर्षापेक्षा जास्त उरली असेल तर फेडलेल्या रकमेच्या एक टक्का, नाहीतर अर्धा टक्का, याहून जास्त घेता येत नाही. करारात कलम असेल आणि एक टक्का लागला तर ८० युरो. म्हणजे एकूण ८,१०६.३० युरो भरायला हवेत. ८,००० भरले तर १०६.३० युरोचे कर्ज जिवंत राहिले.

हे केवळ कागदी उदाहरण नव्हे. आमच्या ओळखीतील एका कारागिराचा भाचा बार्सेलोनात कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. कर्जाला जामीन राहिला तो त्याचा दुकानमालक. मुलाने साधारण असेच केले. उताऱ्यावरील आकडा भरला, कोणाला काही विचारले नाही आणि चांगले काम मिळाले म्हणून दुसऱ्या देशात निघून गेला. मागे राहिलेल्या शंभर युरोवर दंड चढत गेला. बँकेची पत्रे जुन्या खोलीवर येत राहिली आणि परत जात राहिली. दोन वर्षांनी दुकानमालक स्वतः दुकान वाढवण्यासाठी त्याच बँकेत कर्ज मागायला गेला, तेव्हा टेबलावरच्या माणसाने सांगितले की तुम्ही ज्याला जामीन आहात ते कर्ज थकलेले आहे. पैसे पुढे भरले गेले, पण दुकानमालकाचे कर्ज त्या वेळी अडकले ते अडकलेच. त्यानंतर त्या दुकानात काम मागायला गेलेल्या आपल्या दुसऱ्या मुलालाही दार बंद झाले. रक्कम लहान होती, अब्रू मोठी होती. मुलाची नियत साफ होती, त्याने फक्त एक पत्र लिहिले नव्हते.

ते पत्र असे लिहावे

पत्र पैसे भरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवावे आणि पुढची एक ठरावीक तारीख देऊन त्या तारखेचा आकडा मागावा. खालील मजकूर स्पेनमधील बँकेसाठी चालेल.

'आसुंतो: सोलिसितुद दे सर्तिफिकादो दे देउदा पेंदिएंते. प्रेस्तामो नूमेरो अमुक.'
विषय: बाकी देण्याच्या दाखल्याची मागणी. कर्ज क्रमांक अमुक.

'मुई सेन्योरेस मियोस: सोय तितुलार देल प्रेस्तामो नूमेरो अमुक.'
महाशय, अमुक क्रमांकाच्या कर्जाचा मी खातेदार आहे.

'लेस सोलिसितो के मे कोमुनिकेन पोर एस्क्रितो एल इम्पोर्ते तोताल नेसेसारियो पारा कान्सेलार दिचो प्रेस्तामो आ फेचा दे ३१ दे मार्सो, कोन देस्ग्लोसे दे कापिताल पेंदिएंते, इंतेरेसेस इ कोमिसिओनेस.'
सदर कर्ज ३१ मार्च रोजी पूर्ण फेडण्यासाठी लागणारी एकूण रक्कम, मुद्दल, व्याज आणि आकारणी वेगवेगळी दाखवून, मला लेखी कळवावी अशी मागणी आहे.

'लेस रुएगो के इंदिकेन ताम्बिएन एल इंतेरेस पोर कादा दिया पोस्तेरिओर इ ला कुएन्ता एन ला के देबो आसेर एल पागो.'
त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचे व्याज किती, आणि पैसे कोणत्या खात्यात भरायचे, तेही कळवण्याची विनंती आहे.

'उना बेस एफेक्तुआदो एल पागो, लेस रुएगो के मे एन्बिएन एल सर्तिफिकादो दे देउदा सेरो.'
पैसे भरल्यावर मला बेबाकी दाखला पाठवावा.

'केदो आ ला एस्पेरा दे सु रेस्पुएस्ता. आतेंतामेंते.'

खाली सही, करारावरील नाव, सध्याचा पत्ता आणि ओळख क्रमांक. स्पेनमध्ये परदेशी माणसाला जो ओळख क्रमांक मिळतो त्याला थोडक्यात 'निए' म्हणतात. तो लिहिला नाही तर पत्र बाजूला पडण्याची भीती असते.

या पत्रात चार गोष्टी आहेत त्या ध्यानात ठेवाव्या: ठरावीक तारीख, आकड्याची फोड, रोजचे व्याज आणि नंतरचा दाखला. रोजचे व्याज माहीत असले म्हणजे पैसे पोचायला दोन दिवस उशीर झाला तरी तेवढी भर घालून पाठवता येते. यातली एकही गोष्ट सोडू नये.

घरावरील कर्जाबाबत स्पेनच्या २०१९ च्या कायद्याने बँकेवर बंधन घातले. ग्राहकाने मुदतीआधी फेड करण्याची इच्छा कळवली की तीन कामकाजी दिवसांत त्यासंबंधीची माहिती लेखी द्यावी लागते. अमेरिकेत राहत्या घरावरील कर्जासाठी असा फेडीचा आकडा लेखी मागितल्यावर साधारणपणे सात कामकाजी दिवसांत देण्याचा नियम आहे. मात्र अमेरिकेत पत्र एकट्या स्पॅनिशमध्ये न पाठवता शेजारी इंग्रजी मजकूरही द्यावा. म्हणजे भाषेचे निमित्त करून कोणी उशीर करणार नाही.

व्यापाऱ्यालाही या साच्याचा उपयोग आहे. आपल्या बिलाची बाकी गिऱ्हाइकाकडून कबूल करून घ्यायची असेल तर लिहावे: 'लेस आग्रादेसेरियामोस के नोस कोन्फिर्मारान एल साल्दो दे नुएस्त्रा फाक्तूरा नूमेरो अमुक', म्हणजे आमच्या अमुक क्रमांकाच्या बिलाची बाकी आपण कबूल केल्यास आभारी राहू. तगाद्याआधी बाकी कबूल करून घेणे केव्हाही चांगले. उद्या भांडण झालेच तर आकड्यावरून होणार नाही.

फेड झाल्यानंतरचा दाखला

पैसे भरले, पावती मिळाली, येथे काम संपत नाही. पावती सांगते की इतके पैसे आले. खाते संपले असे ती सांगत नाही. आपल्याकडे सोसायटीचे कर्ज फेडल्यावर आपण बेबाकी दाखला मागतो, तसा तेथेही मागायचा असतो. देशागणिक त्याचे नाव वेगळे आहे. स्पेनमध्ये 'सर्तिफिकादो दे देउदा सेरो', म्हणजे शून्य देण्याचा दाखला. हा 'सेरो' मुळात आपला 'सिफर' आहे. मेक्सिकोत 'कार्ता दे नो आदेउदो', म्हणजे काही देणे नसल्याचे पत्र. पेरूमध्ये 'कोन्स्तान्सिया दे नो आदेउदो'. अर्जेंटिनात 'लिब्रे देउदा', देण्यातून मोकळा. आणि कोलंबियात फार सुंदर नाव आहे, 'पास इ साल्बो', म्हणजे शांत आणि सुखरूप. ज्याने कधी कर्ज फेडले आहे त्याला या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

घर किंवा दुकान गहाण असेल तर आणखी एक पायरी आहे. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढलेला असतो, कर्ज फिटले तरी तो आपोआप उतरत नाही, तलाठ्याकडे जाऊन उतरवून घ्यावा लागतो. स्पेनमध्येही तसेच आहे. तेथे मालमत्तेच्या नोंदणी दप्तरात गहाणाची नोंद राहते. ती काढण्यासाठी बेबाकी दाखला घेऊन नोटरीकडे फेडीचा दस्त करावा लागतो, त्यावर बँकेचा प्रतिनिधी सही करतो. मग करकचेरीत ६०० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. या दस्तावर कर माफ आहे, पण फॉर्म भरणे माफ नाही. शेवटी तो दस्त नोंदणी कचेरीत दिला की बोजा उतरतो. बेबाकी दाखल्याला बँकेने पैसे घेऊ नयेत, परंतु नोटरी आणि नोंदणी यांचा खर्च आपल्याला सोसावा लागतो. घर विकायच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा कर्ज फिटताच हे उरकून घ्यावे.

पत्र पोचल्याचा पुरावा

साधे पत्र पोचले नाही असे कोणीही म्हणू शकतो. स्पेनमध्ये टपाल खात्याची 'बुरोफाक्स' नावाची सोय आहे. तिच्यात पत्र कोणत्या दिवशी पोचले याचा आणि मागणी केल्यास आत नेमका काय मजकूर होता याचाही दाखला मिळतो. आपल्या पोचपावतीच्या रजिस्टर टपालापेक्षा ती एक पाऊल पुढे आहे. तेथे पोचपावतीला 'आकूसे दे रेसिबो' म्हणतात. अर्जेंटिनात अशाच कामासाठी 'कार्ता दोकुमेंतो' वापरतात. दर पत्राला हा खर्च करण्याची गरज नाही. पहिले पत्र शाखेत नेऊन द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र बुरोफाक्सने जावे. तरीही दाद लागली नाही तर स्पेनमध्ये प्रथम त्या बँकेच्या ग्राहक विभागाकडे लेखी तक्रार करायची असते, आणि तिचा निकाल समाधानकारक नसेल तर मग देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे, म्हणजे बांको दे एस्पान्याकडे. हा क्रम उलटा करून चालत नाही. आणि तेथेही पहिली विचारणा हीच होते की, लेखी काय आहे?

ज्यांच्या घरातील मुले त्या मुलखांत जाणार आहेत त्यांनी थोडी भाषा येथूनच शिकून जाण्यास सांगावे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकवली जाते. दिल्लीत स्पेन सरकारची सर्वांतेस संस्था २००९ पासून आहे. ज्याला उर्दू येते त्याला अर्धा बाजार आधीच ओळखीचा निघेल, हे आम्ही वर दाखवलेच आहे.

ज्यांची मुले आधीच तेथे आहेत त्यांनी या आठवड्यात फोनवर दोनच प्रश्न विचारावे. तुझ्यावर किंवा तुझ्या जामिनावर कोणते कर्ज आहे? आणि जे फिटले म्हणतोस त्याचा दाखला कोठे आहे? दाखला असेल तर त्याची एक प्रत घरी मागवून ठेवावी. नसेल तर वरील मजकुरात नाव आणि क्रमांक भरून पत्र आजच पाठवायला सांगावे.